कूलरच्या ताटीत साप निघाला तर: घराभोवतीच्या आणि घरातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांशी कसे वागावे

मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर नागपुरातल्या बहुतेक घरांत कूलर उतरवण्याचे काम निघते. काही वर्षांपूर्वी माझी आई खिडकीतल्या कूलरची ताटी काढत असताना ओल्या वाळ्याच्या गुंत्यात तिला तपकिरी अंगाचा, पांढुरक्या पट्ट्यांचा, हातभर लांबीचा साप वेटोळे घालून बसलेला दिसला. भाऊ म्हणाला मण्यार आहे, शेजारचे काका म्हणाले कवड्या आहे, आणि मोबाइलवरची छायाचित्रे दाखवत आम्ही चौघे दहा मिनिटे वाद घालत राहिलो. वाद संपला तेव्हा ताटीत साप नव्हता. तो कूलरच्या टपात गेला, भिंतीवरून खाली उतरला की खिडकीतून आत आला, हे कोणालाही सांगता येईना. ती सगळी रात्र आम्ही दिवे लावून, पाय वर घेऊन पलंगावर बसून काढली.

त्या रात्री जे कळले तेच या लेखात सांगायचे आहे. घरात सरपटणारा प्राणी दिसला की त्याची जात ओळखणे हे घरच्या माणसांचे पहिले काम नव्हे. त्याच्यापासून अंतर राखणे आणि तो नजरेआड होऊ न देणे, एवढी दोनच कामे आपली असतात, आणि ती नीट झाली तर बाकीचे सारे सोपे होते. ओळख चुकू शकते. आठ फुटांचे अंतर चुकत नाही.

पहिली पाच मिनिटे

साप दिसल्याबरोबर जागीच थांबावे, आणि मग हळूहळू मागे सरकत निदान सात-आठ फुटांवर जावे. साप शरीराच्या एक तृतीयांश ते निम्म्या लांबीपर्यंत झेप घेऊ शकतो, असा साधारण हिशेब आहे; म्हणजे पाच फुटांच्या नागापासून आठ फुटांवर उभा असलेला माणूस सुरक्षित असतो. सापाला बाहेरचा कान नसतो, त्याला जमिनीतून येणारी कंपने प्रामुख्याने जाणवतात, त्यामुळे पाय आपटत धावपळ केली की तो घाबरून जवळच्या अंधाऱ्या जागेत शिरतो. ती जागा बहुधा दिवाण, गॅसच्या ओट्याखालचा कप्पा किंवा फ्रिजचे मागचे यंत्र असते, आणि तिथून त्याला काढणे जाणकारालाही अवघड जाते.

घरातल्या एकाच व्यक्तीने सापावर नजर ठेवावी आणि ती व्यक्ती शक्यतो घरातली सर्वांत शांत स्वभावाची असावी. दुसऱ्याने लहान मुले, म्हातारी माणसे आणि कुत्रा-मांजर यांना बाहेर काढावे, आतल्या खोल्यांची दारे लावावीत आणि दारांखालच्या फटीत जुनी चादर किंवा गोणपाट घट्ट कोंबावे. तिसऱ्याने फोन करावा. महाराष्ट्र वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ ही १९२६ क्रमांकाची मदतवाहिनी आहे. तिच्यावर आपला पत्ता, प्राणी नेमका कुठे आहे आणि साधारण किती लांब आहे, एवढे सांगावे. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वन विभागाचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे जखमी वन्यप्राण्यांवर उपचार होतात. काठी लागलेला साप, पतंगाच्या मांजाने कापलेली घोरपड किंवा गाडीखाली कवच फुटलेले कासव सापडल्यास त्या केंद्राची आठवण ठेवावी. आपल्या वस्तीतल्या जबाबदार सर्पमित्राचा क्रमांक उन्हाळ्यातच मिळवून फ्रिजवर चिकटवून ठेवावा. साप समोर असताना व्हॉट्सॲपच्या पाच गटांत क्रमांक मागत बसण्यात जो वेळ जातो, तेवढ्या वेळात साप निघून जातो.

सर्पमित्राविषयीही थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. चांगला सर्पमित्र आल्याबरोबर गर्दी हटवतो, चिमटा किंवा हूक वापरून सापाला पाइप लावलेल्या पिशवीत शिरू देतो, आणि तो कोणत्या अधिवासात सोडणार हे विचारल्यावर सांगतो. साप गळ्यात घालणारा, नागाचा फणा पकडून मुलांना हात लावू देणारा किंवा छायाचित्रांसाठी त्याला अंगणात पुन्हा मोकळा सोडणारा माणूस स्वतःच्या आणि आपल्याही जिवाशी खेळत असतो. अशा वेळी यजमान म्हणून संकोच न करता ‘आधी पिशवीत घ्या’ असे म्हणावे.

सापाच्या अंगावर फिनाईल, रॉकेल, गरम पाणी किंवा तिखट टाकू नये. त्याने तो लगेच मरत नाही, तडफडत कुठेतरी शिरतो आणि चिडलेल्या अवस्थेत दंश करण्याची शक्यता वाढते. साप अंगणातच असेल आणि बाहेर जायची वाट त्याला मोकळी असेल, तर बहुधा काहीही करावे लागत नाही. वाट न अडवता लांबून पाहत राहिले की तो दहा-पंधरा मिनिटांत आपोआप निघून जातो.

घराभोवती कोण कोण असते

ओळख हे पहिले काम नसले तरी ती अजिबात नसावी असे मी म्हणत नाही. बेसा, बेलतरोडी, दाभा, वाडी, हिंगणा या बाजूला नवी घरे उभी राहिली ती काल-परवापर्यंतच्या शेतांत आणि पडीक माळावर. तिथे प्राणी आधीपासून आहेत, आपण नंतर गेलो. गोरेवाडा आणि अंबाझरीच्या झाडीलगत राहणाऱ्यांना हे सांगण्याची गरजच नाही. माणसाच्या मृत्यूला प्रामुख्याने कारणीभूत ठरणारे चार विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. हे चारही विदर्भात आढळतात.

नागाचा फणा आणि त्यावरची खूण सर्वांना ठाऊक आहे. पण फणा न काढलेला नाग धामणीसारखा दिसतो, हे ठाऊक नसल्यामुळे गफलत होते. धामणीच्या ओठांवर काळ्या उभ्या रेघा असतात, डोळे मोठे असतात आणि ती सात-आठ फुटांपर्यंत सहज वाढते. ती संपूर्ण बिनविषारी आहे आणि उंदरांचा फडशा पाडते, म्हणून शेतकऱ्यासाठी ती मोलाची आहे. नागाची मादी उन्हाळ्यात अंडी घालते, ती साधारण दोन महिन्यांत फुटतात, आणि म्हणूनच पावसाळ्यात वीतभर लांबीची पिल्ले घरात शिरतात. ‘पिल्लूच आहे’ म्हणून सुपलीत घेऊन बाहेर टाकू नये. अंड्यातून बाहेर पडल्या क्षणापासून त्याच्याजवळ विष असते आणि ते फणाही काढते.

घोणस, जिला आपल्याकडे परडही म्हणतात, तिच्याविषयी मला सर्वाधिक काळजी वाटते, कारण लोक तिला अजगराचे पिल्लू किंवा डुरक्या घोणस समजून हाताने उचलतात. जाड अंग, त्रिकोणी डोके, पाठीवर साखळीसारख्या गडद किनारीच्या अंडाकृती ठिपक्यांच्या तीन ओळी, आणि डिवचल्यावर कुकरच्या शिट्टीसारखा लांबलचक फुत्कार, ही तिची लक्षणे आहेत. ती अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देते आणि तीही एका वेळी वीस ते चाळीस. एखाद्या रिकाम्या प्लॉटवर जून-जुलैत एक पिल्लू दिसले तर तिथे आणखी असणार असे समजूनच वागावे. डुरक्या घोणस हा मात्र वेगळा, बिनविषारी साप आहे. त्याच्या पाठीवरचे ठिपके वेडेवाकडे आणि एकमेकांत मिसळलेले असतात, शेपटी आखूड आणि खरखरीत असते. कागदावर हा फरक सोपा वाटतो, पण संध्याकाळच्या उजेडात गवतावर तो दिसत नाही, आणि ‘अजगर आहे, धरा’ या वाक्याने आजवर अनेकांचे हात सुजले आहेत.

मण्यार आणि कवड्या यांची गल्लत तर आमच्याच घरी झाली. मण्यार काळीनिळी, चकचकीत असते; तिच्या अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात, ते मानेजवळ अस्पष्ट किंवा नसलेले आणि शेपटीकडे ठळक असतात. कवड्याचे पट्टे उलट मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे फिके होत जातात, अंग तपकिरी असते, आणि तो खडबडीत भिंतीवर सहज चढतो. आमच्या कूलरमध्ये होता तो कवड्याच असावा, असे मला आज वाटते. पण ‘असावा’ या शब्दावर विश्वास ठेवून त्या रात्री हात घातला असता तर आज हे लिहिता आले असते की नाही, कोण जाणे.

फुरसे आकाराने लहान, बहुधा दोन फुटांच्या आत, खडकाळ उघड्या माळावर राहणारे. डिवचल्यावर ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढते. घराच्या आत ते क्वचितच येते, पण मुरूम, गिट्टी आणि दगडांच्या ढिगात ते असू शकते. बांधकाम सुरू असलेल्या घरात उघड्या हाताने दगड उचलू नयेत.

याखेरीज नाल्याकाठी आणि अंगणातल्या टाक्यांजवळ दिवड दिसते, मेंदीच्या कुंपणावर हिरवागार हरणटोळ लटकलेला असतो, कौलांत तस्कर नावाचा साप असतो. दिवड बिनविषारी असली तरी तापट असते आणि कडकडून चावते. मांडुळाविषयी मात्र थांबून सांगितले पाहिजे. बोथट शेपटीमुळे ‘दुतोंड्या’ म्हटल्या जाणाऱ्या या निरुपद्रवी सापाला गुप्तधनाच्या आणि औषधाच्या भाकडकथांपायी पकडून विकले जाते. शेतात किंवा अंगणात मांडूळ निघाले आणि कोणी ‘लाखोंना जाते’ असे सांगत आला, तर तो गुन्ह्याचे आमंत्रण देत आहे हे ओळखून वन विभागाला कळवावे.

मोरीतला वाळा

आपल्या भाषेत वाळा म्हणजे कूलरच्या ताटीतले, माठात टाकायचे सुगंधी मूळ; आणि वाळा म्हणजे न्हाणीघराच्या जाळीतून वर येणारा, गांडुळासारखा दिसणारा एक इवलासा साप. त्याच्या डोळ्यांच्या जागी फक्त दोन काळे ठिपके असतात, अंग चकाकते, आणि गांडुळासारखी वळी त्याच्या अंगावर नसतात. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी हे त्याचे अन्न. तो माणसाला चावू शकत नाही. त्याला जाड पुठ्ठ्यावर सरकू द्यावे आणि कुंडीतल्या ओल्या मातीत सोडावे, एवढेच करावे. मी एका घरात याच प्राण्यावर ॲसिड ओतलेले पाहिले आहे. फरशीवर दोन-तीन मिनिटे चाललेली ती तडफड अजून डोळ्यांसमोरून जात नाही, आणि ती माझ्या लेखी अज्ञानाने झालेली क्रूरता आहे. अर्थात अंग चकाकणारे पण खवले स्पष्ट दिसणारे, डोके वेगळे ओळखू येणारे, पट्टे असलेले असे काही मोरीत असेल तर तो वाळा नव्हे. तेव्हा दार लावून फोनच करावा.

पाल, सरडा, सापसुरळी आणि घोरपड

घरातली पाल विषारी नसते. दुधात किंवा वरणात पाल पडली की सगळ्यांना उलट्या होतात, यात किळस आणि भीती यांचा वाटा मोठा असतो. खरा धोका साल्मोनेला या जिवाणूंचा आहे, जे तिच्या आतड्यात आणि विष्ठेत असू शकतात. म्हणून असे अन्न टाकून द्यावे, भांडे साबणाने धुवावे आणि स्वयंपाकघरात रात्री सर्व अन्न झाकून ठेवावे. पालींची संख्या कमी करायची असेल तर ओट्यावरचे खरकटे, झुरळे आणि रात्रभर जळणारा बाहेरचा दिवा यांकडे आधी पाहावे, कारण दिव्याला किडे येतात आणि किड्यांना पाली. फोटोच्या चौकटीमागे चिकटलेली दोन गोल, पांढरी, कडक अंडी तिचीच असतात.

उंदरांसाठी चिकट पुठ्ठे लावणाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे: ते लावू नयेत. त्यांवर उंदीर अडकतो तसाच पाल, सापसुरळी आणि कवड्यासारखा बारीक सापही अडकतो. पाल अडकलेली दिसली तर ओढू नये, कातडी फाटते आणि शेपटी तुटते. पुठ्ठ्यावर चमच्याने थोडे गोडेतेल तिच्या पोटाखाली आणि पायांच्या बोटांभोवती सोडावे, तोंडात आणि नाकात जाऊ देऊ नये. तेलाने चिकटपणा सुटत जातो आणि पाच-दहा मिनिटांत एकेक पाय मोकळा होतो. अडकलेला प्राणी साप असेल तर हे स्वतः करू नये.

सरड्याचा गळा विणीच्या काळात लाल होतो तो माद्यांना आकर्षित करण्यासाठी आणि दुसऱ्या नरांना दूर ठेवण्यासाठी. तो लांबून रक्त पितो असे मुलांना सांगितले जाते आणि मग मुले त्याला दगड मारतात, हे थांबवणे घरातल्या मोठ्यांच्या हाती आहे. सापसुरळी, जिला सापाची मावशी म्हणतात, तीही विषारी नाही. ती झुरळे आणि नाकतोडे खाते. घरात आलीच तर दार उघडे ठेवून मागून झाडूने हलकेच वाट दाखवावी.

घोरपड आकाराने मोठी असल्याने धाक बसतो. कोंडीत सापडलेली घोरपड चावते, नखांनी ओरबाडते आणि शेपटीचा फटका मारते, म्हणून तिला कोपऱ्यात दाबू नये. बाहेरचे दार सताड उघडे ठेवून घर शांत ठेवले तर ती दुपारपर्यंत आपण होऊन निघून जाते. कोंबड्यांची अंडी उघड्यावर असतील तर ती पुन्हा येईल. तिला मारणे, तिचे मांस किंवा तेल घेणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गंभीर गुन्हा आहे. पूजेच्या दुकानांत आणि इंटरनेटवर ‘हत्था जोडी’ नावाने दुर्मीळ वनस्पतीचे मूळ म्हणून जे विकले जाते ते वस्तुतः नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. ते देवघरात ठेवणाऱ्या अनेकांना याची कल्पनाही नसते.

पावसाळ्याआधीची तयारी

साप घरात येतो तो उंदीर, बेडूक किंवा पाल यांच्या मागे, आणि एप्रिल-मेच्या ४५ अंशांच्या उन्हात गारव्यासाठी. नागपूरच्या घरात उन्हाळ्यातली सर्वांत गार आणि ओली जागा म्हणजे कूलरखालची जमीन. तिथे दिवसभर पाणी गळते, बेडूक येतात आणि त्यांच्या मागोमाग बाकीचे येतात. म्हणून कूलरचे गळणारे पाणी नळीने लांब कुंडीत न्यावे, स्टँडखाली विटा आणि जुन्या ताट्या रचून ठेवू नयेत, आणि ताटी काढताना आधी काठीने दोन-तीनदा ठोकून, जाड हातमोजे घालून, भर उजेडात काढावी.

दाराखाली बोट जाईल एवढी फट असेल तर लहान साप आत येऊ शकतो. रबराची किंवा ब्रशची पट्टी बाजारात मिळते, ती बसवावी. न्हाणीघराच्या आणि अंगणातल्या प्रत्येक पाइपाच्या तोंडावर बारीक जाळी लावावी. घरालगत सरपण, कवेलू, फरशीचे तुकडे, नारळाच्या करवंट्या यांचे ढीग असू नयेत. ठेवणे भागच असेल तर जमिनीपासून फूटभर उंच मांडणीवर आणि भिंतीपासून लांब ठेवावेत. खिडकीला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात. बागेत पक्ष्यांपासून फळे वाचवण्यासाठी जमिनीलगत नायलॉनची जाळी टाकली जाते, तिच्यात साप अडकून गळफास बसल्यासारखा मरतो. जाळी टाकायचीच असेल तर जमिनीपासून वर, ताणून बांधावी. कार्बोलिक ॲसिड शिंपडल्याने साप येत नाहीत, या समजाला आधार नाही; उलट ते कातडी भाजवते आणि लहान मुलांच्या हाती लागले तर घात होतो.

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, म्हणून पावसाळ्यात खाटेवर झोपावे आणि मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी नीट खोचावी. डासांसाठी म्हणून घेतलेली ही वस्तू सापापासूनही तेवढेच रक्षण करते, आणि शेतावरच्या मजुरांना, रखवालदारांना मच्छरदाणी द्यावी असे मी शेतमालकांना आवर्जून सांगतो. रात्री अंगणात जाताना चप्पल आणि बॅटरी दोन्ही हवीत. बाहेर ठेवलेले बूट, हेल्मेट आणि दुचाकीचा पावसाळी कोट वापरण्याआधी झटकावा. नाग नदीला किंवा वस्तीतल्या नाल्याला पूर येऊन घरात पाणी शिरले, जसे २०२३ च्या सप्टेंबरमध्ये शहरात अनेक ठिकाणी शिरले होते, तर पाणी ओसरल्यावर चिखल काढताना गाद्या, कपाटांचे खालचे खण आणि भांड्यांचे ढीग हातांनी न उचलता लांब काठीने आधी हलवून पाहावेत.

दंश झालाच तर

भारतात सर्पदंशाने होणाऱ्या मृत्यूंचा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज वर्षाला सरासरी ५८,००० इतका आहे, आणि त्यांतले बहुसंख्य मृत्यू गावांत, रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला, त्यामागे हेच वास्तव आहे.

दंश झालेल्या माणसाला आहे तिथेच बसवावे किंवा झोपवावे आणि धीर द्यावा. हातातल्या बांगड्या, अंगठ्या, घड्याळ, पायांतली जोडवी आणि पैंजण लगेच काढावेत, कारण सूज आल्यावर ती कापावी लागतात. दंश झालेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाला बांधतात तसा फळी किंवा दुमडलेले वर्तमानपत्र लावून सैल पट्टीने स्थिर करावा. दोरीने आवळून बांधू नये, ब्लेडने चीर देऊ नये, तोंडाने विष ओढू नये, बर्फ किंवा झाडपाला लावू नये, आणि मांत्रिकाकडे नेऊन एक मिनिटही घालवू नये. आवळून बांधल्याने रक्तपुरवठा थांबतो आणि घोणसीच्या दंशात तो अवयव कापण्याची वेळ येऊ शकते.

रुग्णाला चालवू नये. १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून न्यावे. शहरात ज्यांना आपण मेडिकल आणि मेयो म्हणतो ती दोन शासकीय रुग्णालये आणि मिहानमधील एम्स यांपैकी जे जवळ पडेल, तिकडे थेट जावे. ग्रामीण भागात निघण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष उपलब्ध आहे का, हे फोनवर विचारून घ्यावे. दंशाची वेळ लिहून ठेवावी. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवावे.

साप मारून रुग्णालयात नेण्याची पद्धत अजूनही आहे, ती सोडावी. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकत्र चालते, आणि डॉक्टर ते लक्षणे पाहून देतात. रुग्णाचे थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवतात. रक्त गोठले नाही तर घोणस किंवा फुरसे यांच्या विषाचा परिणाम समजतो. म्हणजे सापाची जात सांगता आली नाही म्हणून उपचार अडत नाहीत. लांबून, सहज मिळाले तर मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, त्यापलीकडे काही करू नये.

मण्यारीच्या दंशाला वेगळा परिच्छेद हवा, कारण तो कळतच नाही. वेदना नसते, सूज नसते, खूण डास चावल्याएवढी. रात्री निरोगी झोपलेला माणूस पहाटे पोटात कळ आली म्हणून उठतो, घसा दुखतो म्हणतो, पापण्या जड होऊन खाली येतात, बोलणे अडखळते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसात ही लक्षणे दिसली की पित्त झाले समजून घरगुती औषध देत बसू नये; डोळ्यांच्या पापण्या पाहाव्यात आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे. बिनविषारी वाटणाऱ्या दंशानंतरही चोवीस तास देखरेखीखाली राहणे योग्य.

पाळलेले सरपटणारे प्राणी

पाळण्याच्या बाबतीत कायदा आधी समजून घ्यावा. आपल्या देशातला कोणताही साप, घोरपड किंवा देशी कासव घरी पाळता येत नाही. ‘लक्ष्मी येते’ म्हणून ठेवले जाणारे तारा कासव वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूची एकमध्ये आहे, आणि या अनुसूचीतल्या प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. विहिरीत किंवा घरातल्या टाक्यात पूर्वापार सोडलेले कासव असेल तर वन विभागाशी स्वतःहून बोलावे. इग्वाना आणि बॉल पायथॉन यांसारखे विदेशी प्राणी वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात समाविष्ट असल्यामुळे त्यांची केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विक्रेत्याने कागद दिले नाहीत तर प्राणी घेऊ नये.

सर्वांत जास्त घरांत असते ते डोळ्यामागे लाल पट्टा असलेले, अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातले कासव. आमच्या मुलीसाठी एका दुकानातून आम्ही ते घेतले तेव्हा ते जुन्या रुपयाच्या नाण्याएवढे होते. ‘एवढेच राहते, या वाडग्यात पुरते’ असे सांगून दुकानदाराने प्लास्टिकचे ताडाचे झाड असलेला वाडगाही दिला. सहा महिन्यांत त्याच्या पापण्या सुजून डोळे मिटले आणि कवचावर अंगठा ठेवला की ते ओल्या पुठ्ठ्यासारखे दबू लागले. पशुवैद्यांनी सांगितले की त्याला ऊन नाही, कॅल्शियम नाही आणि फक्त सुकी कोळंबी खाऊन जीवनसत्त्व अ मिळत नाही. ते वाचले, पण आज ते ताटलीएवढे आहे, आणि त्याचे आयुष्य तीस वर्षांचे असू शकते, हे घेण्याआधी कोणीतरी सांगायला हवे होते असे राहून राहून वाटते.

त्याला पोहता येईल एवढे खोल पाणी, पाणी गाळणारे यंत्र, पूर्ण कोरडे होऊन बसता येईल असा दगड, आणि त्या दगडावर अतिनील किरण देणारा दिवा किंवा सकाळचे थेट ऊन लागते. काचेतून आलेले ऊन उपयोगाचे नाही, कारण काच ते किरण अडवते. नागपूरच्या मे महिन्यात टाकी गच्चीवर ठेवू नये, पाणी तापून कासव मरते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा पाणी गरम ठेवणारा हीटर हवा. त्याला हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत, टाकीचे पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नये, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना ते हाताळू देऊ नये. साल्मोनेलामुळे मुले आजारी पडत असल्यानेच अमेरिकेत चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर १९७५ पासून बंदी आहे.

कंटाळा आला म्हणून ते फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडणे हा पुण्याचा मार्ग नाही. ते आपल्या देशी कासवांचे अन्न आणि ऊन घेण्याच्या जागा बळकावते, रोगही नेते. ठेवणे शक्य नसेल तर दुसरे जबाबदार घर शोधावे किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयात, वन विभागात विचारावे.

शेवटी, घरात कात सापडली तर

पुष्कळदा साप दिसतच नाही, त्याची कात मिळते. कात पाहून घाबरू नये आणि तिच्या लांबीवरून सापाची लांबीही ठरवू नये. उतरताना ती ताणली जाते, त्यामुळे प्रत्यक्ष साप तिच्याहून आखूड असतो. कात टाकून साप बहुधा ती जागा सोडून गेलेला असतो, मात्र ती जागा त्याला आडोशाची वाटली होती एवढे नक्की. ती कुठे अडकली होती ते पाहावे, कारण साप खडबडीत कडेला अंग घासत कात सोडतो आणि तीच बहुधा त्याची येण्याजाण्याची वाट असते. त्या फटीच्या आसपास उंदरांच्या लेंड्या आहेत का, पाणी झिरपते का, हे तपासावे. त्यानंतर फटीच्या तोंडाशी संध्याकाळी कणकेचे पातळ पीठ पसरून सकाळी पाहावे. सलग तीन-चार दिवस पिठावर कसलाही ओरखडा उमटला नाही तर फट सिमेंटने बुजवावी. ओरखडा उमटला तर प्राणी आत असतानाच भिंत बंद होऊ नये म्हणून सर्पमित्राला आधी बोलवावे.